पुराच्या रेघेच्या वर

कशेडी घाटात लोखंडाने भरलेल्या ट्रकच्या मागे एसटी अडकली की आतल्या माणसाला जे वाटतं, ते मला नोकरीतली कित्येक वर्षं वाटत होतं. पुढे जाता येत नाही, मागे फिरता येत नाही, आणि पुढच्याची काही चूक आहे असंही म्हणवत नाही. तो आपला चढत असतो. आमच्या बँकेतले संगणक विभागाचे सर तसे होते.

बँक म्हणजे महाडच्या बाजारपेठेतली एक लहानशी सहकारी बँक. मुख्य कचेरी महाडात, एक शाखा पोलादपुरात. संगणक विभाग म्हणजे मागच्या बाजूची, वर पोटमाळा असलेली खोली, आणि तिच्यात सर. मी हिशेब विभागात होते. संध्याकाळी सगळ्या खात्यांचे आकडे जुळवून दिवस बंद करायचं काम माझं. आकडे सरांच्या मशीनमध्ये, त्यामुळे आमची गाठ रोजची. ते पूर्वी कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत होते. ती नोकरी सोडून बँकेत का आलात असं कोणी विचारलं की म्हणायचे, "तिथे उपकरणं कपाटात असायची. कुलपात." एवढंच. पुढे विचारायची सोय नसे.

शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी स्क्रू-ड्रायव्हर. कुठलीही वस्तू समोर आली की पहिलं वाक्य ठरलेलं: "आधी झाकण उघडा." माझ्या भाच्याच्या बारशाला आले होते, तर आहेरात आलेला मिक्सर त्यांनी जेवणं होण्याआधी उघडून बसवला. आवाज बरोबर नव्हता म्हणे. माझ्या वहिनीने तेव्हापासून त्यांना बोलावणं बंद केलं. मला ती सोय नव्हती.

एसटीचंही तेच. सर राहायचे पोलादपूरला, रोज जाऊन-येऊन. संध्याकाळी महाडच्या डेपोत उभे राहत आणि महाबळेश्वरची गाडी लागली की दाराशी न जाता आधी इंजिनाशी जाऊन कान देत. कधीकधी मान हलवून मागे येत. "ही आंबेनळी चढायची नाही." गाडी निघून जाई, आणि अर्थातच आंबेनळी घाट चढून जाई. एकदा मी न राहवून म्हटलं, "सर, तुम्हाला पोलादपूरला उतरायचंय. घाट त्याच्या पुढे सुरू होतो."

"मला उतरायचंय हो. ज्यांना चढायचंय त्यांचं काय?"

मी माझ्या घराकडे चालू लागले. ते पुढच्या गाडीची वाट बघत उभे राहिले.

आता थोडं त्यांच्या कामाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमची बँक लिनक्सवर, म्हणजे संगणकाच्या एका सिस्टिमवर, चालायची. एका मासिकाबरोबर त्याची सीडी फुकट आली होती, ती सरांनी आणली. संचालक मंडळाला त्यातला 'फुकट' हा एक शब्द कळला आणि परवानगी मिळाली. त्या सीडीच्या पायावर सरांनी बचत, ठेवी, कर्ज असे सगळे प्रोग्रॅम एकट्याने लिहिले. चूक निघाली की दुरुस्त केले, पुन्हा लिहिले. त्यांना मूलबाळ नव्हतं, आणि हे सगळं त्यांचं होतं. ते कधी असं म्हणाले नाहीत, पण बघणाऱ्याला दिसायचं.

फुकटाला एक काच होता. बाजारातली कंपनी संगणकात बसवायचं आपलं कार्ड विकताना ते चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, विकतच्या सिस्टिमसाठी देई. लिनक्ससाठी कोणीतरी, जगाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात, आपल्या हौसेने तसा ड्रायव्हर लिहिलेला असला तर ते कार्ड चालायचं. नसला तर तो नुसता पत्रा. त्यातही गंमत अशी, की त्याच नावाचं, त्याच रंगाच्या खोक्यातलं कार्ड. पण गेल्या महिन्यात आतली चिप एक आणि या महिन्यात दुसरी. म्हणून सर खोक्यावरचं काही वाचतच नसत. एकदा ऑडिटच्या कामाला आम्ही दोघं मुंबईला गेलो होतो, तेव्हा लॅमिंग्टन रोडला त्यांनी एका दुकानात सारखीच दिसणारी खोकी एकामागून एक उघडायला लावली आणि प्रत्येक कार्ड उजेडात धरून चिप वाचली. दुकानदार म्हणाला, "अंकल, लेना है तो लो, नहीं तो आगे जाओ." सर मराठीत म्हणाले, "थांबा हो, हे शेवटचं." ते शेवटचं नव्हतं. मी फुटपाथवर उभी राहून पायांना मुंग्या येऊ दिल्या.

आणि दुसरा काच महाडचा. सावित्री नदी भरली की बाजारात येते, हे इथल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. प्रत्येक दुकानात भिंतीवर एक रेघ असते, मागे कधीतरी पाणी जिथवर चढलं होतं तिथे रंगाने ओढलेली. पावसाळा लागला की त्या रेघेखालची फळी रिकामी करायची. कापडवाला गठ्ठे वर नेतो, किराणावाला साखर वर नेतो, आम्ही ठेवींचं दप्तर वर न्यायचो. सर त्यांचं जुनं मशीन अख्खं उचलून पोटमाळ्यावर ठेवत आणि दिवाळीला खाली आणत. ही सवय लागण्याआधी एका पुरात ते त्या मशीनच्या डिस्क डोक्यावर धरून, छातीभर पाण्यातून बाहेर आले होते. तेव्हापासून रेघेच्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालायची कोणाची टाप नव्हती.

तर ते जुनं मशीन म्हातारं झालं. आमचे अध्यक्ष स्वभावाने चांगले, पण उत्साही. मुंबईत कुठलीतरी कंपनी बंद पडत होती, तिथून त्यांनी सर्व्हर विकत घेतले. सरांना न विचारता. ऐन आषाढात टेम्पो दारात उभा राहिला आणि त्यातून उतरलं एक लोखंडी घोडं, म्हणजे रॅक, त्यात बसवायची पाटासारखी चपटी दोन मशीनं आणि डिस्कांनी भरलेला एक वेगळा, जड खोका. आमचे शिपाई धोंडूमामा कापडे गावाकडचे. ते भोवती फिरून म्हणाले, "सायेब, ह्ये उभं ठेवायचं का आडवं? कळत नाय."

सरांनी झाकण उघडलं. बराच वेळ आत बघत राहिले. मग म्हणाले, "डिस्क चालवणारं कार्ड आहे ना हे, याचा ड्रायव्हर आपल्याकडे नाही."

अध्यक्षांचा चेहरा पडला. ते म्हणाले, "सर, मुंबईच्या एका कंपनीचं तयार पॅकेज आहे. विकतच्या सिस्टिमवर चालतं, सगळ्या बँका तेच घेतायत. मी तुमच्यासाठी थांबलोय. पण गणपतीपर्यंत हे तुमच्या लिनक्सवर चाललं नाही, तर मला ते पॅकेज आणावं लागेल. जुनं मशीन कधी बसेल सांगता येत नाही, आणि लोकांचे पैसे आहेत."

यात अध्यक्षांचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. पण पॅकेज आलं की सरांनी लिहिलेला प्रत्येक प्रोग्रॅम जाणार होता. तेही सरांना कळलं आणि मलाही कळलं. ते झाकण लावत म्हणाले, "बघतो."

त्यांनी शोधून काढलं, की त्या कार्डाच्या आधीच्या एका भावंडासाठी कोणीतरी ड्रायव्हर लिहिलाय. लिहिणारा कुठल्यातरी थंड देशातला. चवदार तळ्याजवळच्या सायबर कॅफेत बसून सरांनी एका बोटाने त्याला मेल लिहिला, सुरुवात 'रिस्पेक्टेड सर' अशी. त्याचं उत्तर आलं, की मला सर म्हणू नका, आणि हे तुमचं कार्ड मी कधी पाहिलेलंही नाही; मी ड्रायव्हरमध्ये बदल करून पाठवतो, तुम्ही चालवून बघा आणि काय होतं ते मला कळवा. सर दोन दिवस विचारात होते. ड्रायव्हरच्या नव्हे, त्याला म्हणायचं काय याच्या. शेवटी 'रिस्पेक्टेड फ्रेंड' असं ठरलं. आमच्याशी बोलताना मात्र ते त्याला 'आपला माणूस' म्हणत. "आपल्या माणसाकडे बर्फ पडायला अजून अवकाश आहे." "आपल्या माणसाचा मेल नाही आज, तब्येत बरी नसेल."

मग सुरू झालं ते दळण. आपल्या माणसाने बदल पाठवायचा, सरांनी तो घालून मशीन चालू करायचं, मशीनने थोडा वेळ बरं वागायचं आणि मग आकडे-अक्षरांनी पडदा भरून गप्प व्हायचं. तो पडदा जसाच्या तसा उतरवून पाठवायला लागे. सरांना जवळचं नीट दिसत नसे, म्हणून वाचायला मी. दुपारी काउंटर बंद झाला की मी पडद्यासमोर बसून ओरडायची, "शून्य, सी, चार, एफ, एफ, शून्य," आणि ते लिहून घेत. मध्येच म्हणत, "बाई, एफ दोन का तीन?" मी पुन्हा पहिल्यापासून. बाहेर पाऊस, आत ओल्या छत्र्यांचा वास, आणि मी, बी.कॉम. झालेली बाई, शून्य सी चार एफ. घरी गेल्यावर माझा नवरा म्हणे, "झोपेत काय बडबडतेस?" मला त्या कार्डाचा, त्या थंड देशातल्या माणसाचा आणि सरांचा मनापासून वीट आला होता. तरी दुसऱ्या दिवशी मी बसायची. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

आषाढ संपला. श्रावणही निम्मा झाला. पडदा कधी इथे मरे, कधी तिथे. दोनदा एका जागी मरत नसे. त्याचंच आपल्या माणसाला नवल वाटत होतं. बिचारा आपला सगळा ड्रायव्हर उलटापालटा करत बसला होता. आणि एक दिवस त्याचा एका ओळीचा मेल आला. सरांनी तो कॅफेतून छापून आणला होता. त्यात विचारलं होतं: डिस्कांचा खोका मशीनला कसा जोडलाय, आणि केबल केवढी लांब आहे?

सरांनी कागद वाचला. मग मान वर करून पोटमाळ्याकडे बघितलं. मीही बघितलं.

रॅक माळ्यावर चढत नव्हता. म्हणून सरांनी दोन्ही मशीनं रॅकच्या वरच्या खणात, रेघेच्या वर बसवली होती. पण डिस्क म्हणजे लोकांची खाती. ती मशीनच्याही वर हवीत, म्हणून डिस्कांचा खोका पोटमाळ्यावर. फळीला भोक पाडून केबल खाली घेतलेली, आणि एक पुरेना म्हणून तिला दुसरी जोडलेली. महाडात आम्ही कोणीही हेच केलं असतं. सगळ्यात मोलाचं ते सगळ्यात वर. कोणाच्या मनातही आलं नाही, की तेवढ्या लांब तारेतून जाताना आकडे वाटेतच विसकटतात. थंड देशातल्या माणसाच्या मनात कुठून येणार, की रॅकमध्ये खण रिकामा असताना कोणी डिस्क माळ्यावर ठेवील?

सर पिशवी उचलून निघाले. मी काळजीने मागोमाग डेपोपर्यंत गेले. महाबळेश्वरची गाडी लागलेली होती. ते सरळ दारातून आत चढले. इंजिनाकडे बघितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आणि धोंडूमामा खोका खाली उतरवत होते. खोका रॅकच्या तळाच्या खणात जायचा होता, दुसरीकडे कुठे मावत नव्हता. तळाचा खण म्हणजे रेघेच्या कितीतरी खाली.

"सायेब, श्रावण हाय. पानी आलं तर वो?"

"आलं तर आलं."

"आवो पन डिस्क…"

"मामा, धरा त्या बाजूने."

आखूड केबल लावली. पडद्याचं ते वेड्यासारखं कुठेही मरणं थांबलं. तो आता नेहमी एकाच जागी मरू लागला. सर म्हणाले, "ही खरी चूक. ड्रायव्हरमधली. आता आपला माणूस ती काढेल." त्यांनी त्याला सगळं कळवलं, पूर, रेघ, माळा, भोक. त्याचं उत्तर आलं, की तुमची नदी कृपया माझ्या ड्रायव्हरपासून लांब ठेवा. सर कितीतरी दिवसांनी हसले. पण खरी चूक शोधायला त्याला वेळ लागणार होता, आणि गणपती दारात आले होते. सगळे आठवडे केबलने खाल्ले होते.

मंडळाच्या बैठकीत आकडेवारी द्यायला मी होते. मला वाटलं, सर म्हणतील, कार्ड वाईट, न विचारता घेतलंत. म्हणायला जागा होती. ते उभे राहून म्हणाले, "चाललं नाही. कार्डात मोठा दोष नाही. थोडी चूक ड्रायव्हरमध्ये आहे, ती निघेल. वेळ गेला तो माझ्या केबलमुळे. मी डिस्क माळ्यावर ठेवल्या होत्या."

अध्यक्ष म्हणाले, "अहो सर, पण पाण्यासाठीच ना ठेवल्या होत्या?"

"हो. पण पाणी आलंच नाही."

त्या वर्षी खरंच आलं नव्हतं. अध्यक्षांनी पॅकेजचा ठराव वाचला तेव्हा त्यांचा आवाज बारीक झाला होता. सरांनी एकच मागणी केली: पॅकेज कंपनीच्याच नव्या मशीनवर येईल, मग हा रॅक माझ्या खोलीत राहू द्या. आपल्या माणसाला कळवायचं बाकी आहे. त्याच्याकडे हे कार्ड नाही.

पॅकेज आलं. आपल्या प्रोग्रॅममधली सगळी खाती सरांनी स्वतः त्याच्यात भरली, आणि इतकी नीट भरली की पहिल्या दिवशी काउंटरवर कोणाला फरकसुद्धा कळला नाही. एका खातेदाराने तेवढं विचारलं, पासबुकावरची अक्षरं बारीक का झाली. मला त्या माणसाचा उगाचच राग आला.

आणि दुपारी सर मागच्या खोलीत बसत, ज्या मशीनचा आता कोणालाच उपयोग नव्हता त्याच्यासमोर. "बाई, जरा येता का?" मी जायची. शून्य, सी, चार, एफ. आता तर ते कशासाठी, हेही विचारायची सोय नव्हती. एकदा विचारलंच. ते म्हणाले, "त्याने एवढा वेळ घातला. निदान उत्तर तरी जायला हवं."

दिवाळीच्या आधी एका दुपारी पडदा मेला नाही. डिस्क फिरत राहिल्या. संध्याकाळ झाली तरी फिरत होत्या. सरांनी मला बोलावून दाखवलं. मी म्हटलं, "झालं?" ते म्हणाले, "झालं." कॅफेत जाऊन मेल लिहून आले आणि मशीन बंद केलं. त्यानंतर सर निवृत्त होईपर्यंत ते मशीन कोणी चालू केलं नाही.

पुढे माझी बदली पोलादपूर शाखेला झाली. सर त्याच गावात, त्यामुळे अधूनमधून भेट व्हायची. त्यांची बायको माझ्याकडे तक्रार करी, "काय सांगू तुम्हाला, घरातलं एक झाकण जागेवर नाही." मग एका वर्षी बँकेने जुनं सामान काढलं, तेव्हा तो रॅक पोलादपूरच्या एका शाळेला दिला. उद्घाटनाला बँकेतर्फे मी गेले होते. गावातले म्हणून सरही आले होते, मागच्या बाकावर. शाळेचा एक माजी विद्यार्थी पुण्याहून आला होता, कुठल्याशा कंपनीत इंजिनिअर. त्याने लिनक्सची नवी सीडी घातली. पडद्यावर ओळी सरकल्या. मी पुढे झुकले. मला त्या कार्डाचं नाव झोपेतही पाठ होतं. ते आलं, आणि त्याच्यापुढे हिरव्या अक्षरांत 'ओके' आलं, आणि पडदा पुढे गेला. आपल्या माणसाचा तो ड्रायव्हर आता सीडीतच येत होता.

इंजिनिअर मुख्याध्यापकांना म्हणाला, "जुनं सामान आहे, पण लिनक्सवर याचं काही करावं लागत नाही. हे कार्ड वगैरे सगळं आपोआप चालतं. जगात कुठेही."

मी उठून सांगणारच होते, की आपोआप नाही, बाबा. महाडच्या मागच्या खोलीत हे चाललं, आणि जिथे चाललं तिथेच ते कधी वापरलं गेलं नाही. मी मागे वळले. सरांनी माझ्याकडे बघून हात नुसता खाली केला. बसा.

मग ते स्वतःच उठले. सवयीने रॅकपाशी गेले, वाकून मागे बघितलं. "केबल केवढी आहे?"

"आली होती तेवढीच लावली, काका. हातभर असेल."

"तेवढीच राहू द्या." त्यांनी खिडकीतून खाली नदीकडे बघितलं, मग इंजिनिअरकडे. "आणि पाणी आलं तर अख्खं उचला. केबल वाढवू नका."